पहिल्या बेसवरचे वडील

संघ पाडताना आम्ही मुलं मोजत नसू, स्कूटर मोजत असू.

हे ऐकून लोक हसतात, म्हणून आधी तेच सांगून टाकते. बडोद्यात मांजलपूरच्या एका मैदानावर दर रविवारी सकाळी मुलामुलींची बेसबॉलची लीग भरते. ती चालवायचं काम बरीच वर्षं माझ्याकडे होतं. मुलं येत सोसायट्यांमधून, आणि बहुतेक सगळी कोणाच्या तरी ॲक्टिव्हावर बसून. चालवायला आई किंवा बाप, एक मूल पुढे उभं, एक मागे, मध्ये बॅटची पिशवी. मागचं मूल पुष्कळदा शेजाऱ्याचं असे. आता ही दोन मुलं दोन वेगळ्या संघांत टाकली, की एकाची मॅच आठला आणि दुसऱ्याची दहाला. स्कूटरवाला बाप दुपारपर्यंत मैदानात अडकतो आणि पुढच्या रविवारी दोन्ही मुलं तापाने आजारी पडतात. अणूचे तुकडे होतात, पण ॲक्टिव्हाचे होत नाहीत, हे मी पहिल्याच मोसमात शिकले. तेव्हापासून एका स्कूटरवरची मुलं एकाच संघात, हा आमचा पहिला नियम.

दुसरा नियम त्याहून बरा होता आणि त्याचा मला थोडा अभिमान आहे. चार संघ, चार कोच. मैदानावर उभं करून कप्तानांनी एकेक नाव पुकारायची पद्धत मी शाळेत पुष्कळ पाहिली होती. शेवटी उरलेल्या मुलाचं तोंडही पाहिलं होतं. म्हणून चारही कोचना मी माझ्या घरी जेवणाच्या टेबलाशी बसवी आणि सांगे, चार सारखे संघ पाडा, पण कोणता संघ कोणाला ते नंतर चिठ्ठी टाकून ठरणार. आपल्या वाट्याला काय येणार हे माहीत नसलं, की माणसाची न्यायबुद्धी कशी लखलखीत होते ते एकदा पाहण्यासारखं असतं. एरवी आपल्या पुतण्यासाठी भांडणारे गृहस्थ दुसऱ्याच्या संघाला चांगला पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, मिळावा म्हणून घसा कोरडा करत.

बेसबॉलच का, असं मला अजून विचारतात. उत्तर फार उदात्त नाही. मी एका शाळेत व्यायामशिक्षिका होते, मूळची खो-खोची. एका हिवाळ्यात न्यू जर्सीला स्थायिक झालेले एक माजी विद्यार्थी शाळेला पोतंभर कातडी हातमोजे भेट देऊन गेले. हेडमास्तरांना ते कशाचे आहेत कळेना. माळ्याला दिले तर तोही नको म्हणाला. शेवटी पोतं माझ्या खोलीत आलं. पुढचं सगळं त्या पोत्यातून निघालं.

खेळ कळायला अवघड नाही. खो-खोतली धाव आणि विटीदांडूतला दांडू एकत्र केला, की बेसबॉल जवळजवळ तयार होतो. चेंडू मारायचा आणि बॅट टाकून पहिल्या बेसकडे पळत सुटायचं. बेस म्हणजे जमिनीवरची चौकोनी गादी. तिथे समोरच्या संघाचा एक खेळाडू गादीवर पाय ठेवून उभा असतो, त्याच्याकडे चेंडू फेकतात. चेंडू त्याच्या हातमोज्याच्या पंज्यात आधी पोचला तर तुम्ही आउट, तुमचा पाय गादीवर आधी पडला तर सेफ. अर्ध्या खेळाचं भवितव्य त्या एका गादीवर ठरतं, आणि तिथे उभ्या असलेल्या अंपायरवर. ही गोष्ट त्या गादीचीच आहे.

मोसम उत्तरायण, म्हणजे इथली पतंगांची संक्रांत, झालं की सुरू आणि वार्षिक परीक्षा आल्या की बंद. नवरात्रात मैदान गरब्याचं असतं, तिथे आपण बोलायचं नाही. उत्तरायणानंतरच्या पहिल्या रविवारी खेळ नसतोच. सगळी मुलं एका ओळीत उभी राहून मैदानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गवतातला मांजा वेचत जातात. पळणाऱ्या मुलाच्या घोट्याला मांजा काय करतो हे बडोद्यात कोणाला सांगावं लागत नाही. नव्या पालकांना वाटे, ही शिस्तीची कवायत आहे. काहींनी फोटो काढून त्याला ‘संस्कार’ असं नावही दिलं होतं.

उद्घाटनं मी लवकर बंद पाडली. पहिल्या दोन वर्षी शामियाना होता, वाऱ्याने विझणारी समई होती आणि पाहुण्यांची ओळख करून देणारे गृहस्थ होते, ज्यांना थांबवायची युक्ती अजून निघालेली नाही. मुलं उन्हात उभी. तिसऱ्या वर्षी मी नियम केला की प्रमुख पाहुण्यांनी पहिली इनिंग उजव्या कोपऱ्यात क्षेत्ररक्षण करायचं. लहान मुलांच्या खेळात तिकडे चेंडू सहसा जात नाही, धोका काही नव्हता. तरी पाहुणे मिळेनासे झाले. एक बिल्डर मात्र आले, बूट काढून उभे राहिले, एक झेल सोडला, आणि पुढच्या वर्षी बोलावलं नाही म्हणून रागावले.

पालकांचे नमुने सांगत बसले तर अंक पुरणार नाही. करजणहून एक आजोबा नातवाला घेऊन यायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, “बेन, आमां कई पोझिशनमां स्कोप छे?” म्हणजे कोणत्या जागेवर पुढे भविष्य आहे. मी म्हटलं, काका, नऊही जागांवर सारखाच अंधार आहे. ते खूश झाले. म्हणाले, मग कुठेही चालेल. तो मुलगा पुढे आमचा सर्वांत आनंदी खेळाडू झाला.

आता अंपायर. पिचरचा चेंडू पाहायला माझा एक जुना विद्यार्थी होता, रीतसर शिकलेला. पण बेसवर उभं राहायला माणसं लागतात, आणि ती पालकांतूनच काढावी लागतात. जो संघ खेळत असेल त्याचेच पालक त्या वेळी मैदानावर हजर असणार, कारण पुन्हा स्कूटर. त्यामुळे बाप अंपायर आणि त्याचंच मूल पळतंय, असं दर मॅचला होई. सुरुवातीला मला धास्ती होती. जगभर पालक मुलांच्या मॅचमध्ये अंपायरच्या अंगावर धावून जातात असं वाचलेलं होतं. मी मुद्दाम पहिल्या बेसजवळ खुर्ची टाकून बसत असे, कोण आपल्या पोराला झुकतं माप देतो ते पाहायला.

कोणीच देत नव्हतं. आमच्या पालकांविषयी मला आदर वाटू लागला. तो बरेच दिवस टिकला.

माधव पोतनीस हे आमचे सर्वांत चांगले अंपायर. नंदेसरीच्या एका रसायन कारखान्यात गुणवत्ता तपासणीच्या प्रयोगशाळेत होते. घराणं जुन्या संस्थानच्या खजिन्यातलं, असं ते स्वतः कधी सांगत नसत, बाकीचे सांगत. नियमांचं पुस्तक त्यांनी खरोखर वाचलं होतं. पहिल्या बेसवरचा अंपायर डोळ्यांनी गादीवरचा पाय बघतो आणि कानांनी पंज्यात चेंडू बसल्याचा आवाज ऐकतो, दोन्ही एकदम बघता येत नाही म्हणून. हे तंत्र आमच्याकडे त्यांनीच आणलं. निर्णय देताना पाव क्षणही घेत नसत. आउट म्हणजे मूठ वर, सेफ म्हणजे दोन्ही हात आडवे.

त्यांची मुलगी सई तेव्हा आठवीत होती. ठेंगणी, काटक, मैदानावर शब्दही न बोलणारी. मारायला फार जोर नव्हता, पण पळायची अशी की चेंडू कुठेही मारला तरी सामना गादीवरच व्हायचा. ती आणि हितेशभाईंची ध्रुवी पोतनिसांच्या एकाच स्कूटरवर येत, त्यामुळे एकाच संघात. हितेशभाईंचं हार्डवेअरचं दुकान; रविवारी ते दुकान उघडून मग मैदानावर येत.

त्या मोसमाच्या सुरुवातीला सईच्या आईने, वृंदाने, मला सांगितलं की हे हिचं शेवटचं वर्ष धरा. नववीपासून रविवारी सकाळी क्लास. सई घरी फार रडली, तेव्हा पोतनिसांनी एक अट घातली होती: जिल्ह्याच्या संघात निवड झाली तर खेळ चालू राहील, क्लासची वेळ बदलून घेऊ, नाही झाली तर बॅट माळ्यावर. अट घालून झाल्यावर त्यांना वाटलं की आपण अगदी न्यायाने वागलो. मलाही तसंच वाटलं.

जानेवारीतल्या एका मॅचला मी खुर्चीत बसले होते. सईने चेंडू मारला, पळाली, पाय पडला, चेंडूही आला. पोतनिसांची मूठ वर गेली. त्यात नवीन काही नव्हतं. पण मला दिसलं ते वेगळं. मूठ वर जायच्या आधीच सई वळून आपल्या बाकाकडे चालू लागली होती.

पळून आलेलं मूल गादीवर पाय पडताच अंपायरकडे बघतं. आउट असलं तरी बघतं, तेव्हा तर जास्तच. सई बघतच नव्हती. मी पुढच्या मॅचला लक्ष ठेवलं. पहिल्या बेसवर दुसरं कोणी उभं असलं, की ती बघायची. वडील असले, की नाही.

खेळ संपल्यावर तिला विचारलं. बॅटचे फटके बुटावर मारत ती म्हणाली, “टीचर, पप्पांना मला आउट देणं सोपं जातं.”

तक्रारीचा सूर अजिबात नव्हता. पाऊस पडला की चिखल होतो, तसं सांगितलं. परतीच्या वाटेवर स्कूटरवर पप्पा तिला ती का आउट होती ते समजावून सांगत असत, हेही तिने सांगितलं. आणि ध्रुवी मागे बसून ऐकत असे.

मग मी खुर्ची तीच ठेवली आणि दुसरं शोधायला लागले. इतकी वर्षं मी बाप मुलाला झुकतं माप देतो का हे बघत होते. उलट बाजूला कधी पाहिलंच नव्हतं. पाहिल्यावर मात्र सगळीकडे तेच. अगदी बरोबरीचा प्रसंग आला, की अंपायर-बापाची मूठ स्वतःच्या मुलासाठी वर आणि दुसऱ्याच्या मुलासाठी हात आडवे. मराठी बाप हे तत्त्व म्हणून करत. गुजराती बाप जास्त स्पष्ट होते. हितेशभाईंना विचारलं तर ते हसून म्हणाले, “घरनी छोकरीने आउट आपीए तो कोई बोले नहीं, बेन.” घरच्या मुलीला आउट दिलं की कोणी बोलत नाही. खरंच होतं. आमच्या लीगमध्ये भांडणं होत नसत त्याचं गुपित हे होतं. शांततेची किंमत मुलं देत होती.

मी पोतनिसांच्या घरी समितीची बैठक लावली आणि साधा ठराव मांडला: आईवडिलांनी आपल्या मुलाच्या मॅचला अंपायर व्हायचं नाही. संघांच्या वेळा जरा मागेपुढे केल्या असत्या तर ते जमलं असतं.

अध्यक्ष होते माने काका. त्यांच्या घराण्यातले लोक संस्थानच्या फौजेत होते, आणि बैठक कशाचीही असो, ती त्या फौजेपासून सुरू होत असे. ठराव ऐकून खोलीत थंडावा पसरला. आम्ही पक्षपात करतो असं तुम्हाला म्हणायचंय का, असं एकाने विचारलं. मी म्हटलं, हो, पण उलटा. हे कोणाला नीट समजलं नाही, किंवा समजून घ्यायचं नव्हतं. माने काकांनी आपल्या पणजोबांची हकीकत सांगितली. त्यांनी म्हणे सख्ख्या भावाला पहाऱ्यावर झोपला म्हणून शिक्षा दिली होती.

मी विचारलं, “तो झोपला होता का?”

काका म्हणाले, “तसा संशय होता.”

ठराव पडला. पोतनिसांनी विरोधात मत दिलं, तेही शांतपणे आणि कारणासह. त्यांच्या प्रयोगशाळेत नमुन्याविषयी शंका आली तर नमुना नापास. मग तो मालकाचा असो की कोणाचा. मी म्हटलं, पोतनीस, शंका आली तर सगळ्यांचाच नापास करता ना? ते म्हणाले, अर्थात. आणि त्यांना तसं मनापासून वाटत होतं, हीच अडचण होती. खोटं बोलणाऱ्या माणसाशी वाद घालता येतो.

वृंदाने चहा आणि शेवउसळ आणली. बैठक नंतर उसळीच्या तिखटाविषयी झाली. ज्या मुलांच्या नावाने हे चाललं होतं त्यांतली दोघं बाहेर जिन्यात बसून आपापल्या वाटीतली शेव वेचून खात होती. एक सई, एक ध्रुवी. दार उघडंच होतं.

निवडीची मॅच परीक्षांच्या तोंडावर होती. जिल्ह्याकडून निवड करणारे एक सर आले; अबोल गृहस्थ, घरून पाण्याची बाटली आणणारे, हारतुरे न घेणारे, त्यामुळे मला फार आवडले. मैदानाशेजारी तेव्हा नवी इमारत उठत होती आणि मालाचे ट्रक धूळ उडवत होते. पळताना हेल्मेट सक्तीचं होतंच. शिवाय धुळीसाठी मुलांनी तोंडाला रुमाल किंवा ओढणी बांधायला मी परवानगी दिली होती. बडोद्याच्या मुलींना त्यात नवीन काही नाही. स्कूटरवर निघताना त्या डोळे तेवढे उघडे ठेवून बुकानी बांधतात, सख्खी आई रस्त्यात भेटली तर ओळखू नये अशी.

पोतनीस पहिल्या बेसवर होते. पाळीच त्यांची होती, आणि ती बदलून मागणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

सईच्या पाठीवर सात नंबर असे, ध्रुवीच्या पाठीवर बारा. सुरुवातीलाच बारा नंबरने एक सरपटता चेंडू मारला आणि पळाली. पाय आणि चेंडू एकाच वेळी. माझ्या कानांना तर चेंडूच आधी वाटला. पोतनिसांचे हात आडवे गेले: सेफ. निवडीच्या सरांनी मान हलवली. त्यांना ती धाव आवडली होती हे मला दिसलं. मनात आलं, ध्रुवी आज काय सुरेख पळतेय.

थोड्या वेळाने सात नंबर. चेंडू जोरात गेला, क्षेत्ररक्षकाच्या हातातून निसटला, त्याने उचलून फेकला तोवर मुलगी गादीवरून पुढे गेली होती. बरोबरी वगैरे काही नव्हती. चांगलं एक पाऊल आधी. पोतनिसांची मूठ वर गेली.

आणि सात नंबर वळून बाकाकडे गेली नाही. ती तिथेच थांबली, अंपायरकडे बघत राहिली. मग तिने हेल्मेट काढलं आणि तोंडावरची ओढणी खाली ओढली.

“अंकल, हुं ध्रुवी छुं.”

पोतनिसांची मूठ अजून वरच होती. ती खाली कशी आणायची हे त्यांना सुचत नसावं. पलीकडे बाकावर बारा नंबरने आपली बुकानी सोडली होती, आणि ती सई होती.

मी मैदानात गेले. हितेशभाईही आले. मुलीला दटावायचं की अंपायरला, हे त्यांना ठरवता येईना; म्हणून ते ट्रकवाल्याला दटावून परत गेले. मी सईला विचारलं की आज निवडीचा दिवस, हा खेळ करायला दुसरा दिवस नव्हता का? सर तुझी धाव ध्रुवीच्या नंबरावर बघत होते.

ती म्हणाली, “मला बघायचं होतं, मी खरंच आउट असते का. आणि आजच पप्पा सगळ्यात कडक असणार होते.”

इतकी शिस्तीची चाचणी त्या प्रयोगशाळेतही झाली नसेल. उत्तर तिला मिळालं होतं, आणि तिच्या चेहऱ्यावर विजय दिसत नव्हता. बापाची वर राहिलेली मूठ तिलाही बघवत नव्हती.

आता नियमाचा प्रश्न होता. न सांगता नंबर बदलला तर खेळाडूने उरलेली मॅच बाहेर बसायचं, हे आमच्याच नियमांत होतं, आणि ते जाहीर करायचं बेसवरच्या अंपायरने. पोतनिसांनी ते केलं. आवाज नेहमीचाच होता. दोघी बाहेर. मग ते चालत निवडीच्या सरांकडे गेले, आणि आयुष्यात पहिल्यांदाच मी त्यांना अडखळताना ऐकलं. त्यांनी सांगितलं की बारा नंबरला मी सेफ दिलं, ती माझी मुलगी होती, हे मला माहीत नव्हतं. सात नंबर स्वच्छ सेफ होती. तिला आउट दिलं कारण, असं म्हणून ते थांबले.

सरांनी बाटलीतलं पाणी त्यांच्यापुढे केलं. म्हणाले, “मी पाय बघायला आलो होतो. आता ते पाय बाहेर बसलेत. एका धावेवर मी कोणाला घेऊ शकत नाही, साहेब.”

ते बरोबरच होतं. दोघींची निवड झाली नाही. उरलेल्या मॅचला पहिल्या बेसवर मी उभी राहिले. टोपी माझ्या हातात देताना पोतनीस फक्त एवढंच म्हणाले, “बाई, तो ठराव परत मांडा. सूचक म्हणून माझं नाव घाला.”

ठराव एकमताने पास झाला. माने काकांनी पणजोबांची हकीकत या वेळी सांगितली नाही.

सई परत येणार नाही असं मी धरून चालले होते. अट अट असते, आणि पोतनीस ती मोडणारे नव्हते. उन्हाळा गेला, मैदानावर गरबा झाला, पिचरच्या उंचवट्याची माती पुन्हा सपाट झाली. बडोद्यात माणसं बाजारात भेटतात तशी वृंदा एकदा भेटली. मुलांच्या परीक्षांविषयी बोललो, त्या विषयाला दोघींनीही हात लावला नाही. क्लास रविवारी सकाळी सुरू झाला होता एवढं कानावर आलं होतं.

संघ पाडायच्या आदल्या संध्याकाळी पोतनीस घरी आले. बसले नाहीत. म्हणाले, सईचं नाव घाला, ध्रुवीचंही, स्कूटर माझीच. क्लासची वेळ बदलून घेतली होती. मला राहवलं नाही. मी विचारलं, आणि अट?

“अट मी घातली, आणि मोजमापही मीच घेत होतो,” ते म्हणाले. “असा अहवाल आमच्याकडे कोणी सहीला घेत नाही.”

नव्या मोसमाच्या पहिल्या मॅचला पहिल्या बेसवर उभा करायला, ज्याचं मूल त्या मॅचमध्ये नाही असा बाप शोधणं जड गेलं. शेवटी एका अविवाहित मामाला पकडला. पोतनीस पालकांमध्ये, कडुनिंबाखालच्या सिमेंटच्या बाकावर बसले होते. खेळ बघताना हातांचं काय करतात हे त्यांना माहीत नसावं. ते कधी मांडीवर ठेवत, कधी बाकाखाली धरत. शेजारी हितेशभाई शेंगदाणे खात होते, त्यांनी त्यांच्यापुढे पुडी केली. पोतनिसांनी एकच दाणा घेतला.

सई आली. उन्हाळ्यात उंच झाली होती. तिसऱ्या चेंडूला बॅट लागली, चेंडू सरळ क्षेत्ररक्षकाच्या हातात घसरत गेला. तिचं नशीबच वाईट होतं, कारण तो मुलगा आमच्या लीगमधला सर्वांत चांगला फेकणारा. चेंडू पंज्यात बसल्याचा आवाज सगळ्या मैदानाने ऐकला, तेव्हा सई गादीपासून चांगली दोन पावलं लांब होती. शंकेला जागाच नव्हती. मामांनी मूठ वर उचलायला घेतली.

“सेफ!”

आवाज बाकावरून आला होता. पोतनीस उभे होते, दोन्ही हात आडवे, शेंगदाणे सगळे जमिनीवर. हितेशभाई रिकाम्या पुडीसकट दूर सरकले. बाकावरच्या बायका वळून बघायला लागल्या. मामांची मूठ अर्ध्यावर अडकली. नवा माणूस, त्याला वाटलं जुन्या अंपायरना काही नियम माहीत असेल.

सई गादीपलीकडे थांबली आणि वळली. आधी मामांकडे बघितलं, मग वडिलांकडे. हेल्मेट काढून काखेत घेतलं, बाकाजवळून जाताना थबकली.

“पप्पा, आउट होते मी.”

“असशील,” पोतनीस म्हणाले. “मला इथून सेफ दिसलीस.”